व्हॉल्टेअरचा ब्राँझचा अर्धपुतळा: शिल्पकार कोणाला म्हणावे?

शमीवृक्ष (धागाकर्ती):
आमच्या मामेसासऱ्यांच्या संग्रहाची यादी करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअर याचा ब्राँझचा एक अर्धपुतळा आहे. काळ्या संगमरवरी बैठकीवर बसवलेला हा पुतळा साधारण हातभर उंचीचा आहे. डोक्यावर केसांचा टोप नाही, दात गेल्यामुळे ओठ आत ओढले गेले आहेत आणि तरीही तोंडाच्या कोपऱ्यात समोरच्याची फजिती नुकतीच पाहिल्यासारखे हसू आहे. पाठीमागे रोमन लिपीत ‘ऊदाँ, १७७८’ अशी अक्षरे आहेत; ऊदाँ हा त्या काळचा फ्रेंच शिल्पकार. खालच्या कडेला ‘एफ. बार्बेदियन’ हे ओतशाळेचे नाव असून त्याच्या शेजारी नाण्याएवढा गोल शिक्का आहे. शिक्क्यात एका माणसाच्या डोक्याची बाजूने दिसणारी आकृती आहे आणि भोवती ‘यांत्रिक लघुकरण, आ. कोलास’ अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर आहे.

घरात हा ‘ऊदाँचा मूळ पुतळा’ म्हणूनच ओळखला जातो. माझे मत असे आहे की ऊदाँने या पुतळ्याला कधी हात लावलेला नाही. मात्र त्याला नक्कल म्हणून शेवटच्या पानावर टाकणेही अन्यायाचे होईल. यादीतल्या ‘शिल्पकार’ या रकान्यात नेमके काय लिहावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

तर्कटनाना:
फेर्दिनां बार्बेदियन याचा जन्म १८१० सालचा आहे. त्याने हा पुतळा १७७८ मध्ये ओतला असेल, तर त्याचे नाव शिल्पकारांच्या नव्हे, थेट संतांच्या यादीत घालावे लागेल.

गोदाकाठ:
नानांनी विनोदात सांगितले तरी मुद्दा खरा आहे. ब्राँझवरचे साल हे बहुतेक वेळा मूळ मातीच्या किंवा प्लास्टरच्या नमुन्यावरचे साल असते. नमुन्यावर शिल्पकाराने कोरलेली सही साच्यात उतरते, साच्यातून धातूत येते आणि शंभर वर्षांनी ओतलेल्या प्रतीवरही तेच साल दिसते. त्यामुळे १७७८ हे या पुतळ्याचे वय नसून या चेहऱ्याचे वय आहे.

त्या चेहऱ्याची हकिकत मात्र सांगण्यासारखी आहे. व्हॉल्टेअर सुमारे अठ्ठावीस वर्षे पॅरिसपासून दूर होता. तो फेब्रुवारी १७७८ मध्ये परतला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता आणि त्याला पाहण्यासाठी शहर लोटले होते. ३० मार्चला ‘इरेन’ या त्याच्याच नाटकाच्या प्रयोगाला तो हजर राहिला आणि तेथे त्याचा सत्कार झाला. त्याच सुमारास तो झाँ-आंत्वान ऊदाँ या शिल्पकारासमोर बसला आणि ३० मे रोजी वारला. म्हणजे ऊदाँच्या हाती पडला तो मरणाच्या उंबरठ्यावरचा, पण डोळ्यांतला खट्याळपणा तिळभरही न गमावलेला म्हातारा. मृत्यूनंतर त्याच्या चेहऱ्याचा साचाही ऊदाँनेच घेतला. पुढे याच अभ्यासावरून त्याने खुर्चीत बसलेला पूर्णाकृती व्हॉल्टेअर घडवला. त्याची संगमरवरी प्रत पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझ या नाट्यगृहात आहे आणि दुसरी रशियाच्या कॅथरीन राणीकडे गेली, ती आज सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताज संग्रहालयात आहे.

ऊदाँने अर्धपुतळेही एकाच प्रकारचे केले नाहीत. कुठे व्हॉल्टेअर त्या काळच्या पोशाखात आणि टोपासह आहे, कुठे रोमन पद्धतीचे वस्त्र पांघरलेला आहे, तर कुठे उघड्या डोक्याचा आहे. तुमच्याकडचा नमुना शेवटच्या प्रकारचा दिसतो, आणि मला स्वतःला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

केतकी_व:
एक शंका आहे. ऊदाँला व्यक्तिशिल्पाचा एवढा मोठा कलावंत का मानतात? त्या काळात राजेरजवाड्यांचे अर्धपुतळे करणारे शिल्पकार पॅरिसमध्ये पुष्कळ असतील.

गोदाकाठ:
पुष्कळ होते, परंतु डोळा कोरावा तो ऊदाँनेच. पूर्वीच्या अनेक शिल्पांत बुबुळ एक तर सपाट सोडले जाई किंवा त्याची नुसती रेघ ओढली जाई. ऊदाँ बुबुळाचा भाग खोल कोरून काढी आणि त्याच्या वरच्या कडेशी दगडाचा किंवा मातीचा एक बारीक कण मुद्दाम शिल्लक ठेवी. मागचा खड्डा सावलीने काळा दिसतो आणि पुढच्या कणावर उजेड थांबतो. पाहणाऱ्याला तो ओलसर डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका वाटतो आणि पुतळा नजर रोखून बघतो आहे असा भास होतो.

शिवाय तो कोणाची भीड ठेवत नसे. ग्लुक या संगीतकाराच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण त्याने जसेच्या तसे दाखवले. त्याचे शरीररचनेचे शिक्षण पक्के होते. रोममध्ये असताना १७६७ मध्ये त्याने कातडी सोललेल्या मनुष्याकृतीचे जे शिल्प केले, त्याच्या प्लास्टर प्रती कलाशाळांमध्ये पुढे पिढ्यान्‌पिढ्या चित्रकलेच्या अभ्यासासाठी वापरल्या गेल्या.

भट्टीवाला:
आमच्या घरात ओतकामाचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी या पुतळ्याकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. शिक्क्यावरच्या आशिल कोलास याने १८३६ च्या सुमारास शिल्पाची लहान प्रत काढणारे यंत्र तयार केले. एका फिरत्या पाटावर मूळ प्लास्टर आणि दुसऱ्या पाटावर प्लास्टरचा कोरा ठोकळा ठेवलेला असतो. दांड्याच्या एका टोकाला असलेली बोथट सुई मुळावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाचे पाते तीच हालचाल ठरलेल्या प्रमाणात लहान करून ठोकळ्यावर कोरत जाते. बार्बेदियन हा आधी भिंतीला लावायच्या कागदाचा व्यापारी होता. त्याने १८३८ च्या सुमारास कोलासशी भागीदारी केली आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या पुतळ्यांपासून ऊदाँपर्यंत सगळे मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात मावेल अशा मापात आणून ठेवले.

यंत्राचे काम येथे संपते आणि खरे काम येथून सुरू होते. लहान केलेल्या प्लास्टरवरून धातूचा एक मूळ नमुना बनतो आणि त्याच्यावरून वाळूचे साचे घेतले जातात. वाळू बारीक आणि किंचित चिकट लागते. ती चौकटीत ठोकून बसवतात आणि जिथे खाच असेल तिथे वाळूचाच वेगळा तुकडा घडवून आत बसवावा लागतो. ओतून बाहेर आलेला पुतळा तुम्हाला दाखवला तर तुम्ही तो घरात घेणार नाही. तुकड्यांच्या सांध्यांवर धातूच्या शिवणी उभ्या असतात, वितळलेल्या धातूचा रस वाहून नेणाऱ्या नळ्यांची खोडे चिकटलेली असतात आणि पृष्ठभाग खरखरीत असतो. हे सगळे कापून, कानशीने घासून, बारीक छिन्नीने त्वचा, सुरकुत्या आणि केस पुन्हा जिवंत करणारा कारागीर वेगळा असे. त्याच्यानंतर आम्लांच्या क्षारांनी तापवून तपकिरी रंग चढवणारा आणखी वेगळा.

आता गोदाकाठ यांनी सांगितलेल्या डोळ्याकडे या. हातभर पुतळ्यात बुबुळाचा तो खड्डा हरभऱ्यापेक्षाही लहान होतो आणि त्यातला कण वाळूच्या साच्यात धड उतरणे कठीण असते. तो बहुधा छिन्नीनेच साधावा लागतो. म्हणून शमीवृक्षताई, भिंग घेऊन डोळे पाहा. बुबुळाच्या कडा धारदार असतील तर त्या नजरेचा बराचसा भाग पॅरिसच्या त्या अनाम छिन्नीवाल्याचा आहे. कडा लोण्यासारख्या वितळलेल्या दिसल्या तर मात्र कोणीतरी तयार पुतळ्यावरूनच पुन्हा साचा काढला असावा, असा संशय घ्यावा.

कलाभवन:
एवढे सगळे वाचूनही मी असहमत आहे. कलावंताच्या निधनानंतर, त्याच्या परवानगीविना, वेगळ्या मापात, यंत्राने काढलेली वस्तू ही शोभेची वस्तू होय. ऊदाँ १८२८ मध्ये वारला. या लहान प्रतीचे प्रमाण, तिचा रंग, तिची बैठक यांपैकी एकही निर्णय त्याचा नाही. कारागिराविषयी मला आदर आहे, पण आदरापोटी शिल्पकाराचा रकाना वाटून घेता येत नाही. यादीत ‘ऊदाँच्या शिल्पाची व्यापारी प्रत’ एवढेच लिहावे.

गोदाकाठ:
कलाभवन, आपला निकष ऊदाँच्या स्वतःच्या कार्यशाळेलाच लावून पाहू. व्हॉल्टेअर वारल्यावर त्या चेहऱ्याला एवढी मागणी आली की ऊदाँच्या कार्यशाळेतून त्याच्या प्लास्टरच्या आणि भाजलेल्या मातीच्या कितीतरी प्रती बाहेर पडल्या. त्या साच्यातून काढत ते मदतनीस. त्यांवर अकादमीच्या आणि ऊदाँच्या नावाचा लाल लाखेचा शिक्का असे. म्हणजे प्रती विकणे आणि त्यांवर शिक्का मारणे ही पद्धत बार्बेदियनने शोधून काढलेली नाही, ती ऊदाँच्याच घरची होती. फरक एवढाच की तिथे शेवटची नजर टाकायला मालक हजर होता.

कलाभवन:
हा ‘एवढाच’ फरक माझ्या दृष्टीने सगळा फरक आहे.

भट्टीवाला:
येथे मी कलाभवन यांच्या बाजूने थोडा झुकतो, कारण ऊदाँ नुसता माती मळणारा शिल्पकार नव्हता. शरीररचना आणि ओतकाम या दोनच विद्यांना आपण आयुष्य वाहिले, असे त्याने स्वतः म्हणून ठेवले आहे. पॅरिस शहराच्या मालकीची ओतशाळा त्याने चालवली, ती १७८७ मध्ये हातातून गेल्यावर स्वतःची भट्टी उभी केली आणि तिथे ‘डायना’सारखी पूर्णाकृती मूर्ती ब्राँझमध्ये ओतली. ती १७९० ची डायना लूव्रमध्ये आहे. धावणारी ती आकृती एका पायाच्या चवड्यावर तोललेली आहे. असा तोल ब्राँझच पेलू शकते, म्हणून तिच्या संगमरवरी प्रतीत शिल्पकाराला आधारासाठी लव्हाळ्याचे झुडूप घालावे लागले. ज्या शिल्पकाराला रस ओतण्याची एवढी जाण होती, त्याच्या हाताखालचे ब्राँझ आणि इतरांनी ओतलेले ब्राँझ यांत भेद करायलाच हवा.

पोटोमॅककाठी:
मी व्हर्जिनियाजवळ राहतो, म्हणून थोडी भर घालतो. जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा करण्यासाठी जेफरसनने ऊदाँचीच निवड केली होती. चित्रावरून काम करण्यास ऊदाँने नकार दिला आणि तो बेंजामिन फ्रँकलिनबरोबर जहाजाने अमेरिकेला आला. ऑक्टोबर १७८५ मध्ये माउंट व्हर्नन येथे मुक्काम करून त्याने वॉशिंग्टनच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला, मापे घेतली आणि मातीचा अर्धपुतळा घडवला. तो अर्धपुतळा आजही माउंट व्हर्ननलाच आहे. पूर्णाकृती संगमरवरी पुतळा रिचमंडच्या विधानभवनात उभा आहे. गमतीची गोष्ट अशी की समुद्रप्रवासात काही बरेवाईट झाल्यास घरच्यांची सोय व्हावी म्हणून आपला आयुर्विमा उतरवला जावा, अशी अट ऊदाँने घातली होती.

मातीचा तो वॉशिंग्टन जवळून पाहिल्यावर ब्राँझच्या प्रती मला नेहमी किंचित गुळगुळीत वाटतात. कलाभवन यांचा आग्रह मी त्यामुळे समजू शकतो.

तर्कटनाना:
त्या काळी विमा उतरवून कामाला निघणारा शिल्पकार आणि आज मानधनाचा धनादेश वटेपर्यंत जीव मुठीत धरून बसणारे आमचे शिल्पकार मित्र, यांची तुलना करण्याचा मोह मी आवरतो.

कायदेपंडित:
फ्रान्समधल्या आजच्या नियमांचा संदर्भ येथे उपयोगी पडेल. ब्राँझच्या एका शिल्पाच्या जास्तीत जास्त बारा प्रतीच ‘मूळ’ मानल्या जातात. त्यांतल्या आठांवर साध्या अंकांनी आणि चार कलावंत-प्रतींवर रोमन अंकांनी क्रमांक घालण्याची रीत आहे. १९८१ च्या आदेशानुसार नंतरच्या कोणत्याही प्रतीवर ती प्रतिकृती असल्याचे स्पष्ट नमूद करावे लागते. मात्र एकोणिसाव्या शतकात अशी मर्यादा नव्हती. खुद्द रोदँ या विख्यात फ्रेंच शिल्पकाराने १८९८ मध्ये बार्बेदियनच्या वारसाशी करार करून ‘चुंबन’ या शिल्पाच्या लहान प्रती काढू दिल्या आणि त्या तीनशेहून अधिक निघाल्या. त्या रोदँच्या हयातीत, त्याच्या संमतीने निघाल्या, तरी यंत्राने लहान केलेल्याच होत्या. आजचा बाराचा नियम कालच्या वस्तूला लावून तिला खोटी ठरवणे योग्य नाही. बार्बेदियनने आपले नाव लपवले नाही आणि लघुकरण यंत्राने केले हेही शिक्क्यात सांगितले. फसवणूक करणारा माणूस असे करत नाही.

सासवणेकर:
अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार विनायकराव करमरकर यांच्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. तेथे एकाच माणसाची अनेक व्यक्तिशिल्पे जवळजवळ ठेवलेली पाहिली की हा वाद अगदी आपल्या अंगणात येतो. पुण्याच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे ओतकाम १९२८ मध्ये मुंबईत माझगाव गोदीत झाले. तो पुतळा करमरकरांचाच म्हणून आपण ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री भट्टीशी उभ्या असलेल्या माणसांची नावे किती जणांना सांगता येतील? पॅरिसमध्ये ओतशाळेने निदान आपले नाव धातूत कोरून ठेवले.

भट्टीवाला:
सासवणेकर, हे लिहिल्याबद्दल आभार. आमच्याकडे आजही चौकातल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर उद्घाटकांची नावे सहा ओळींत असतात आणि ओतकाराचे नाव कोठेही नसते.

प्राचीशेवडे_नव्हे:
यादीच्या गडबडीत कोणी तो पुतळा ‘स्वच्छ’ करू नये, ही कळकळीची विनंती. आमच्या एका नातेवाइकांकडे दिवाळीपूर्वी घरातल्या समया, तांब्याभांडी आणि त्यांच्याबरोबर एक जुना ब्राँझचा अर्धपुतळा, असे सगळे चिंच-मीठ लावून घासले गेले. पुतळा लख्ख पिवळा झाला. शंभर वर्षांचा तपकिरी थर मोरीतून वाहून गेला आणि पुतळ्यातले गृहस्थ उटणे लावून पाटावर बसल्यासारखे दिसू लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यावर हिरवे डाग पडले.

भट्टीवाला:
मिठातले क्लोराइड ब्राँझच्या बारीक छिद्रांत राहते आणि दमट हवेत आतून धातू खात राहते. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती वस्तू संवर्धकाकडेच न्यावी. एरवी कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढावी, त्याहून अधिक काही करू नये.

केतकी_व:
हा पुतळा खरोखर ब्राँझचाच आहे, हे कशावरून? फ्रान्समध्ये जस्ताच्या मिश्रधातूचे पुतळेही ब्राँझचा रंग देऊन विकत असत, असे मी वाचले आहे. लोहचुंबक लावून पाहावे काय?

भट्टीवाला:
लोहचुंबक दोन्हींना चिकटणार नाही. त्याने फार तर लोखंड उघडे पडेल. बैठक काढता येत असेल तर आतली, कोणाला न दिसणारी कड पाहावी. तेथे घासलेल्या जागी सोनेरी झाक दिसली तर ब्राँझ, राखाडी-चंदेरी दिसली तर जस्त. आणखी एक कसोटी मापाची. ब्राँझ निवताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते. त्यामुळे तयार पुतळ्यावरून कोणी चोरून साचा घेतला तर निघणारी प्रत चाळीस सेंटिमीटरला सहा ते आठ मिलिमीटर लहान भरते आणि ओतशाळेच्या नावाची अक्षरेही पुसट होतात. याच मापाच्या खात्रीशीर प्रतीशी ताडून पाहा.

शमीवृक्ष:
सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे पाहिले. आतली कड सोनेरी आहे आणि आतल्या बाजूला छाती व खांद्याच्या जोडावर ठोकून बसवलेल्या खिळ्यांची गोल डोकी दिसतात. ओतशाळेच्या नावाची अक्षरे नखाला टोचतील इतकी स्पष्ट आहेत. डोळ्यांविषयी सांगायचे तर उजव्या बुबुळातला तो कण व्यवस्थित सुटा दिसतो. डाव्या बुबुळातला मात्र पापणीला किंचित टेकला आहे आणि त्याच्या कडेने छिन्नीच्या दोन बारीक रेघा गेलेल्या आहेत.

यादीसाठी मी पुढील नोंद केली आहे: ‘व्हॉल्टेअर, अर्धपुतळा. झाँ-आंत्वान ऊदाँ यांच्या १७७८ च्या शिल्पावरून. कोलास पद्धतीने लघुकरण. ओतकाम व छिन्नीकाम: बार्बेदियन ओतशाळा, पॅरिस, एकोणिसावे शतक. ब्राँझ, तपकिरी रंग, काळा संगमरवर.’ ‘शिल्पकार’ हा रकाना मी या एका वस्तूपुरता ‘कर्तृत्व’ असा केला आहे. मामेसासरे अजून नाराज आहेत.

कलाभवन:
‘च्या शिल्पावरून’ हे शब्द असल्यामुळे माझी हरकत नाही. ऊदाँचे नाव पहिले असले तरी हरकत नाही. ‘एकोणिसावे शतक’ याऐवजी ‘१८३८ नंतर’ लिहिल्यास नोंद अधिक नेमकी होईल, कारण भागीदारीपूर्वी ही दोन नावे एका पुतळ्यावर येऊ शकत नाहीत.

तर्कटनाना:
मामेसासऱ्यांना सांगा की ऊदाँचा मूळ पुतळा असता तर तो घरात ठेवण्यासाठी त्यांना ऊदाँप्रमाणेच विमा उतरवावा लागला असता.

भट्टीवाला:
शमीवृक्षताई, डाव्या डोळ्याचे आणि त्या दोन रेघांचे छायाचित्र तिरप्या उजेडात घेऊन येथे अवश्य द्या. बैठकीचा मधला स्क्रू पुन्हा बसवताना फार आवळू नका. जुना संगमरवर नेमका तिथेच तडकतो.